भाऊजी, तुम्ही फक्त बसा

माझ्या भुवया नाकाच्या वर येऊन एकमेकींना भेटतात. डोळे खोल, जबडा रुंद, डाव्या गालावर व्रण आणि आवाज असा, की गिरणीत नुसतं "पीठ झालं का?" विचारलं तरी समोरचा माणूस दोन पावलं मागे सरतो. व्रण पाहून लोकांना चाकू आठवतो. प्रत्यक्षात लहानपणी श्रीखंडाची वाटी घेऊन पळताना मी दाराच्या कोयंड्यावर आपटलो होतो. हे कुणी विचारत नाही, आणि आपणहून सांगावं तर बनवून सांगतोय असं वाटतं.

शाळेच्या स्नेहसंमेलनात बाई वर्गावरून नजर फिरवायच्या आणि ती माझ्यावर येऊन थांबायची. कंस, दुःशासन, अफजलखान असा मी दरवर्षी मरत मरत मोठा झालो. हिरण्यकश्यपूच्या वेळी तर नरसिंह झालेला मुलगा नखं कापून आला होता. पोट फाडायच्या जागी त्याने गुदगुल्या केल्या आणि मी मरताना खदखदून हसलो. पालकांना ते राक्षसी हास्य वाटलं. टाळ्या पडल्या, आणि पुढच्या वर्षीचं माझं मरणही तिथेच पक्कं झालं.

चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखता येतो, हे शास्त्र म्हणून मांडणारा एक माणूस इटलीत होऊन गेला. चेझारे लोंब्रोसो. या डॉक्टरांनी 1876 मध्ये भलंमोठं जबडा-कान-कपाळ पुराण छापलं. जन्मजात गुन्हेगाराचा जबडा मोठा, कान सुपासारखे, वगैरे. ते वाचून मी आरशासमोर टेप घेऊन उभा राहिलो तर बायको म्हणाली, "अहो, आता काय शर्ट शिवायचाय?" लोंब्रोसोचं शास्त्र पुढे मोडीत निघालं. त्याचा स्वतःचा सांगाडा मात्र तुरीनच्या त्याच्याच संग्रहालयात उभा आहे. त्याचा जबडा कुणी मोजला असेल तर मला कळवावं.

शास्त्र मोडलं तरी सिनेमाने ते सोडलं नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हॉलिवूडच्या गाजलेल्या 10 खलनायकांची कातडी तपासली (म्हणजे पडद्यावरची). त्यातल्या 6 जणांच्या त्वचेत काही ना काही खोट निघाली. कुणाला टक्कल, कुणाला व्रण, कुणाच्या चेहऱ्यावर चामखीळ, आणि तिघांच्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. ही वर्तुळं जर दुष्टपणाची खूण असेल, तर सकाळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या फास्ट लोकलचा अख्खा डबा मोक्काखाली आत घ्यावा लागेल. त्या डब्यात मला एक सवलत आहे, तीही सांगून टाकतो. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून लोक ठाण्यापर्यंत लोंबकळतात, पण "जरा सरका हो" असं मला कुणी म्हणत नाही. मी आपणहून सरकतो, तेव्हाही ते आधी खिसा चाचपतात.

आपल्याकडे हे खूप जुनं आहे. वाल्मीकींनी मंथरेला कुबड दिलं. तिने कान फुंकल्यावर कैकेयी इतकी खूश होते, की त्या कुबडाचंच कौतुक करते, त्यावर सोन्याची माळ घालीन म्हणते. पण त्याच रामायणात हनुमान रावणाला दरबारात पाहतो तेव्हा थक्क होऊन म्हणतो, "अहो रूपम्, अहो धैर्यम्!" म्हणजे मुख्य खलनायक देखणा चालतो, खोट फक्त दासीला हवी. ऑफिसातही मी हेच बघत आलोय. साहेब देखणे असतात, संशय शिपायावर जातो.

त्या मंथरेचं दूरदर्शनवरचं रूप ज्यांनी उभं केलं, त्या ललिता पवारांसाठी माझ्या मनात वेगळी जागा आहे. येवल्यात जन्मलेली ही बाई मूकपटांच्या काळापासून नायिका होती. 1942 मध्ये एका चित्रीकरणात सहकलाकाराला त्यांच्या थोबाडीत मारायची होती. तो सहकलाकार म्हणजे भगवानदादा, पुढे ज्यांच्या नाचावर सगळा देश डुलला. हात जरा जास्तच जोरात पडला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा बारीक झाला. बरीच वर्षं उपचारात गेली आणि परत आल्या त्या खाष्ट सासू होऊन. बाई तीच, अभिनय तोच. डोळा थोडा बारीक झाला, एवढ्यावर निर्मात्यांनी त्यांना पडद्यावरच्या सुनांचा छळ करायला बसवलं. 1959 मध्ये 'अनाडी'त त्या प्रेमळ मिसेस डिसा झाल्या आणि त्यांना फिल्मफेअर मिळालं. पण लोकांच्या लक्षात राहिली ती सासूच. निळूभाऊ फुल्यांचंही तेच. सेवा दलात घडलेला, पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला हा माणूस, पण पडद्यावर नुसती मान वाकडी करून बघितलं तरी थिएटरातल्या बायका पदर सावरायच्या.

निदान त्यांना मानधन तरी होतं. माझा चेहरा नातेवाइकांत फुकट फिरतो.

सुरुवात धाकट्या मेहुणीने केली. बिल्डर ताबा देत नव्हता. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही फक्त बसा." मी बसलो. एसीच्या गारव्याने घसा धरला म्हणून खाकरलो, तर बिल्डरने पार्किंगही कबूल केलं. मग चुलतभावाचं बयाण्याचं प्रकरण, मावशीचा केबलवाला, साडूच्या कारखान्यातली थकबाकी. मला काय प्रकरण आहे तेसुद्धा सांगत नसत. घरून निघताना बायको बजावायची, "दाढी करू नका. आणि हसू नका, हसलात की सगळं बिघडतं." तिचं बरोबर होतं. मुळात मी भित्रा माणूस. रिक्षावाल्याने सुटे नाहीत म्हटलं की मी वरचे पैसे सोडून उतरतो. भांडणाला लागणारं एकही वाक्य मला येत नाही, कारण ते बोलायची वेळ माझ्या चेहऱ्याने कधी येऊच दिली नाही.

आणि आता हा चेहराच मला सोडून चाललाय. आधी केस पांढरे झाले, मग भुवया. जबडा गालांच्या सुरकुत्यांत बुडाला, व्रणसुद्धा एक सुरकुती होऊन बसला. प्राणसाहेबांना चांगला माणूस व्हायला 1967 साली 'उपकार'मधला मलंगचाचा मिळावा लागला. माझं काम वयानेच फुकटात केलं.

हे लक्षात आलं मागच्या महिन्यात. मेहुणीचा भाडेकरू करार संपूनही फ्लॅट सोडत नव्हता. नेहमीप्रमाणे मी जाऊन बसलो, दाढी वाढवलेली, हाताची घडी, नजर त्याच्या कपाळावर. पोरगा पंचविशीतला, गालाला खळी. माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही सेम आमच्या गावच्या हेडमास्तरांसारखे दिसता." मी खाकरलो. तो धावत जाऊन कोमट पाणी घेऊन आला. मग त्याने चहा केला, बिनसाखरेचा, न विचारता. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं, तिचा एक्स-रे दाखवला, मला खिडकीकडे नेऊन उजेडात दाखवला. मी तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. इतकी वर्षं तिथे कधी काही ठेवलंच नव्हतं.

खाली उतरलो तर मेहुणी गेटपाशी उभी.

"काय म्हणाला, भाऊजी? कधी सोडतोय?"

"दिवाळीनंतर बघू म्हणाला."

"आणि भाडं?"

"तेच ठेवू म्हटलं. आणि हे बघ, बेडरूमचा पंखा फार आवाज करतो. तो तेवढा बदलून दे त्याला."