राजधानी धुळ्याला की जळगावला? धडगावला कुणी विचारलंय?

खान्देशचं वेगळं राज्य व्हावं की नको, यावर आमच्याकडे फार कुणी डोकं खपवत नाही. ते झालंच असं धरून राजधानीवरून मात्र जुंपते. परवा अमळनेरला चहाच्या टपरीवर एकजण "राजधानी धुयालेच पाहिजे भाऊ!" म्हणायचा अवकाश, लगेच दुसऱ्याने जळगावचं सोनं, केळी, विद्यापीठ सगळं काढलं. भुसावळच्या गड्याने मध्येच जंक्शन घुसवलं.

धुळेकरांचा राग जुना आहे आणि अगदीच उगाच नाही. अख्ख्या खान्देशचं मुख्यालय धुळं. १९०६ मध्ये इंग्रजांनी जिल्ह्याचे दोन तुकडे केले आणि पूर्व खान्देशचा कारभार जळगावला गेला. १९९० मध्ये विद्यापीठही तिकडेच. पण जुन्या मानावरच जायचं तर पहिला हक्क थाळनेरचा! फारुकी सुलतानांची गादी आधी तिथे होती, मग बुऱ्हाणपूरला गेली. आज थाळनेर शिरपूर तालुक्यातलं एक गाव आहे आणि बुऱ्हाणपूर तर मध्य प्रदेशात. घ्या आता.

मला आठवतं ते उत्तराखंड. राज्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या पहाडी लोकांना राजधानी गैरसैणला हवी होती, डोंगरात. २००० मध्ये राज्य झालं आणि कारभार बसला खाली देहरादूनला. २०२० मध्ये गैरसैणला 'उन्हाळी राजधानी' म्हटलं, पण सचिवालय आजही देहरादूनलाच आहे.

आपलं गैरसैण म्हणजे धडगाव. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा होईपर्यंत तिथल्या माणसाला कलेक्टर कचेरीसाठी धुळं गाठावं लागायचं. सातपुडा उतरायचा, एसटी बदलायची, आणि साहेब दौऱ्यावर असले की तसंच परत. विभागीय आयुक्त तर आजही नाशिकला. टपरीवरच्या भांडणात या माणसाचं नाव एकदाही निघालं नाही. त्याला धुळं काय नि जळगाव काय, दोन्ही लांबच.

म्हणून माझं मत, सगळं एका गावात कोंबूच नका. १९५३ मध्ये आंध्र राज्य झालं तेव्हा राजधानी कर्नूलला आणि हायकोर्ट गुंटूरला होतं. तसंच करा. कोर्ट धुळ्याला, शेतीखातं जळगावला, आदिवासी विकास नंदुरबारला. रुसवेफुगवे होतील, होऊ देत.

आणि पावसाळी अधिवेशन धडगावला भरवा, ऐन जुलैत. चांदसैली घाटात दरड कोसळून मंत्र्यांच्या गाड्या एकदा अडकल्या, की रस्त्याचं टेंडर त्याच आठवड्यात निघेल.