फुल फ्रेम विकून मीडियम फॉरमॅट? आधी हिशेब मांडा

नवरात्र उरकून लग्नसराईची बुकिंगं सुरू झाली की बडोद्यातल्या फोटोग्राफर मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, दावे तेच: मीडियम फॉरमॅटचा सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) फुल फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या, कितीतरी पट मोठा, मागचं धूसर होणं फुल फ्रेमला जन्मात जमणार नाही, १६ बिट रंगांमुळे त्वचा जिवंत दिसते, आता किमती उतरल्यात, तेव्हा फुल फ्रेम विका आणि मोकळे व्हा. दांडिया बाजार-रावपुऱ्यातली आपली पोरं हे वाचून खरंच बॉडी विकायला काढतात, म्हणून एकेक दावा तपासून बघू.

आधी आकार. फुल फ्रेम ३६ × २४ मिमी. फुजीफिल्मची जीएफएक्स आणि हॅसलब्लॅडची एक्स मालिका यांचा सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमी, बोलताना ४४ × ३३. गुणाकार करा: क्षेत्रफळ १.६७ पट भरतं. प्रकाशाच्या हिशेबात हा फरक पाऊण स्टॉपच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). एपीएस-सी या लहान सेन्सरवरून फुल फ्रेमवर येताना क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून जास्त वाढलं होतं, म्हणजे मोठी उडी तुम्ही आधीच मारून बसला आहात. मेसेजमध्ये १२० फिल्मच्या, म्हणजे जुन्या मीडियम फॉरमॅट रोलच्या, जमान्याचे गोडवे असतात, पण ६ × ६ सेंमीचं म्हणवलं जाणारं निगेटिव्ह प्रत्यक्षात ५६ × ५६ मिमीचं असायचं. आजचा ४४ × ३३ त्याच्या निम्माही नाही. त्याहून मोठा, ५३.४ × ४० मिमीचा सेन्सर फेज वनकडे मिळतो, पण त्याची किंमत ऐकल्यावर पार्टी पळायच्या आधी आपणच पळू.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूची आहे आणि ती त्यालाच सुचलेली नाही. मीडियम फॉरमॅटची चौकट ४:३ असते, फुल फ्रेमची ३:२. उभा पोर्ट्रेट ४:५ मध्ये कापला तर फुल फ्रेमच्या कडा वाया जातात आणि फरक १.८८ पटींवर जातो. उलट अल्बमचं बारा बाय छत्तीसचं शीट एकाच फोटोने भरायचं असेल तर वाया जाते मीडियम फॉरमॅटची उंची, आणि फरक दीडपटीच्या खाली येतो. बडोद्यातल्या लग्नाच्या अल्बममध्ये कुठली पानं जास्त असतात ते सांगायला नको. त्या छत्तीस इंचांवर ६१ मेगापिक्सेलची फुल फ्रेम फाइल इंचाला २६४ पिक्सेल देते, १०२ मेगापिक्सेलची जीएफएक्स ३२३. अल्बम हातात घेऊन हा फरक ओळखणारी सासूबाई मला अजून भेटायची आहे.

आता धूसरपणा. ४४ × ३३ ची फोकल लेंग्थ (मिमीमधला आकडा) आणि अॅपर्चर (एफ/ चा आकडा, जितका लहान तितकं मागचं धूसर), दोन्ही ०.७९ ने गुणा, म्हणजे फुल फ्रेमवरची जोडी कळते. जीएफ ११० एफ/२ ही फुजीची आवडती पोर्ट्रेट लेन्स म्हणजे फुल फ्रेमवरची ८७ एफ/१.६. ८० एफ/१.७ म्हणजे ६३ एफ/१.३. पण ८५ एफ/१.४ तर आपल्यातल्या निम्म्यांच्या बॅगेत असते, आणि एफ/१.२ विकतही मिळते. त्यामुळे मागचं जास्त विरघळवायची पैज लावली तर फुल फ्रेमच जिंकेल. जीएफ लेन्स कडेपर्यंत सुरेख काढतात हे मान्य, पण ती लेन्सची करामत. ‘मीडियम फॉरमॅटचा पर्स्पेक्टिव्ह’ (जवळच्या-लांबच्या गोष्टींचं एकमेकांशी प्रमाण) म्हणून जे सांगतात तो तर तुम्ही माणसापासून किती अंतरावर उभे आहात यावर ठरतो, सेन्सरवर अजिबात नाही.

१६ बिटांबद्दल, म्हणजे रंगाच्या जास्त बारीक पायऱ्यांबद्दल, थोडक्यात. १०२ मेगापिक्सेलची न दाबलेली १६ बिट फाइल २०० एमबीच्या घरात जाते. शेवटच्या दोन बिटांत बहुतेक नॉइजच साठतो, आणि लॅबला शेवटी ८ बिट जेपीईजीच पाठवायचा असतो. त्वचेचा रंग प्रोफाइल, व्हाइट बॅलन्स आणि हॉलमधल्या जांभळ्या एलईडी यांच्या हातात असतो. त्या जांभळ्या दिव्यांपुढे १६ बिटही हात टेकतात.

मग हा कॅमेरा कुणाचा? इथे बडोद्याचा संबंध खरा येतो. आपल्या गावात फाइन आर्ट्स फॅकल्टी आहे, फत्तेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याची तैलचित्रं आहेत, घरोघरी चित्रकार आहेत, आणि चित्रांची कॅटलॉगसाठी नोंद करणं हा धंदाच आहे. चित्र हलत नाही आणि पुष्कळदा चौरसाच्या जवळचं असतं, म्हणजे ४:३ चा पुरेपूर उपयोग होतो. चौरस कापला तर जीएफएक्स १०० ला ७६ मेगापिक्सेल उरतात, ६१ च्या फुल फ्रेमला ४०. कॅनव्हासची वीण आणि ब्रशचे फटकारे मोठ्या छपाईत दाखवायचे असतील तर हा फरक डोळ्यांना दिसतो. तरीही तैलरंगाच्या वार्निशवरची चमक सेन्सर काढत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत दिवे, दिव्यांवर पोलरायझिंग शीट आणि लेन्सवर आडवा फिरवलेला पोलरायझर लागतो, शेजारी कलर चार्ट ठेवावा लागतो. हे न करता १०० मेगापिक्सेल लावले तर चमकच जास्त बारकाईने येते.

दुसरा खरा फायदा भर दुपारी फ्लॅश मारणाऱ्यांना. हॅसलब्लॅडच्या एक्ससीडी लेन्समध्येच शटर असतो, त्यामुळे १/२००० सेकंदाच्या शटरलाही फ्लॅश जुळतो. फुजीत मात्र तो १/१२५ पर्यंतच, फुल फ्रेमच्या १/२५० पेक्षाही मागे. म्हणजे हा फायदा सगळ्या मीडियम फॉरमॅटला लागू नाही.

राहिली किंमत. जीएफएक्स १०० अमेरिकेत २०१९ मध्ये ९,९९९ डॉलरला आला, २०२१ मध्ये १००एस ५,९९९ ला. उतरली हे खरंच. पण लग्नात एका बॉडीवर कोण जातं? दुसरी बॉडी, जीएफ लेन्स, वाढीव हार्डडिस्क, ती फाइल पेलणारा कॉम्प्युटर, हे त्या मेसेजच्या हिशेबात नाही. स्वस्त पडतो म्हणून जुना जीएफएक्स ५०एस घेणाऱ्यांनी त्याचा फोकस फक्त कॉन्ट्रास्टवर चालतो हे लक्षात घ्यावं. गरब्याच्या मैदानात फिरणाऱ्या चनिया-चोळीवर तो धापा टाकत राहील, आणि तिथे ‘चालशे’ (चालेल) म्हणून भागत नाही. हे सगळं धरूनही ज्यांचा हिशेब बसतो त्यांनी खुशाल घ्यावा. माझ्या ओळखीत असे कॅटलॉगवाले आहेत, लग्नवाला एकही नाही.