स्की जुनी, हौस नवी

नोव्हेंबर लागला की म्युनिकच्या ऑफिसांत आल्प्समधल्या गार्मिशच्या बर्फाच्या गप्पा रंगतात. मग तुम्हाला आठवतं की केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, भारतवारीच्या रिकाम्या बॅगांमागे, आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेली स्कीची जोडी उभी आहे. लांबी २०५ सेंटिमीटर, रंग झगझगीत गुलाबी, वर जांभळी वीज कडाडलेली. असलं ध्यान घेऊन स्की-लिफ्टच्या रांगेत उभं राहायचं, म्हणजे लोक काय म्हणतील! त्या स्की वळतात का, थांबतात का, हे प्रश्न नंतरचे. आधी रंग.

ऑफिसातला कुणी जर्मन सहकारी सांगेल की स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने १९९३ मध्ये कमरेला बारीक असलेली एससीएक्स ही स्की आणली, तेव्हापासून अशा सरळसोट स्की मागे पडत गेल्या, आणि आता लांबी हनुवटी ते नाकापर्यंत पुरते. मान डोलवा, दुर्लक्ष करा. दोन मीटरची वस्तू रंगवली की दोन मीटर कौतुक होतं.

रंगाची निवड ही खरी सत्त्वपरीक्षा. बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात, आरएएल या क्रमांकवार रंगांच्या यादीचा तक्ता टांगलेला असतो. १९२७ साली ४० रंगांवर सुरू झालेलं हे जर्मन प्रकरण आता शेकड्यांत गेलंय, तरी आपला भगवा त्यात मिळणार नाही. जवळचा म्हणजे २००४ क्रमांकाचा शुद्ध नारिंगी. तो घ्या, आणि घरच्या ग्रुपवर 'भगवाच आहे' म्हणून फोटो टाका. काळा मात्र टाळा. गडद स्की उन्हात तापते, वरचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि ओझं वाढतं, असं डोंगर चढून जाणारे लोक सांगतात. तुम्ही डोंगर चढणार नाही हे खरं, पण कारण माहीत असलेलं बरं.

आता घासकाम. पॉलिश पेपर घ्या आणि ती जांभळी वीज उडवायला लागा. तासाभराने दिसेल की आवरण पांढुरकं झालंय आणि वीज जागच्या जागी आहे. बऱ्याच स्कींवर चित्र पारदर्शक आवरणाच्या आतल्या अंगाला छापलेलं असतं, वरून घासणाऱ्याच्या हाती ते लागत नाही. हार मानू नका, घासत राहा. आवरण संपेल, चित्र संपेल आणि खालचं फायबरग्लास वर येईल. त्याची धूळ मनगटापासून मानेपर्यंत अशी काही खाजते की गावाकडची खाजकुयली परवडली. मास्क घालाच, हे मात्र गंमतीत सांगत नाही. घासण्याऐवजी आवरण ॲसिटोनने पुसायची आयडिया तुमच्याआधी अनेकांना सुचलेली आहे. ते एबीएस प्लास्टिकचं असेल तर वीज जात नाही, पण आवरण चिकट होऊन बोटांचे ठसे कायमचे उमटतात. सही समजा.

यंत्राने घासणार असाल तर शनिवारीच उरका. रविवारी यंत्राचा आवाज केलात, तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई नियमावलीची प्रत घेऊन खाली उतरतील. आणि प्रायमर संपल्याचं तुमच्या लक्षात नेमकं रविवारी सकाळीच येतं, तेव्हा अख्ख्या शहराची शटरं खाली असतात. स्प्रेच्या डब्यावर १० ते २५ अंशांची अट छापलेली असते. केलर त्याहून गार, बाल्कनी तर विचारूच नका. राहता राहिला दिवाणखाना. बायको माहेरी गेलेली असेल तर उत्तम.

बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या खटक्यावर, मास्किंग टेप लावायचा कंटाळा येईल. लावू नका! पडल्यावर बूट वेळेवर सुटावा म्हणून त्यात स्प्रिंग असतात आणि पुढच्या भागात बुटाखाली एक गुळगुळीत पट्टी असते. त्यावर रंगाचे दोन हात बसले की बूट काही सहजासहजी सुटायचा नाही. तसंही इतकं जुनं बाइंडिंग कुठलाही दुकानदार तुमच्या वजनाला लावून देत नाही. वय बघतो आणि हात झटकतो. त्याला काय कळतंय, रंग तर ताजा आहे.

तळही सोडू नका. तिथे असतं अति-उच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन, ज्याला मेण सोडलं तर कशाचंच प्रेम नाही. कारखान्यातसुद्धा त्याला गोंद धरावा म्हणून चिकटवायची बाजू आधी ज्वाळेने भाजून घेतात. तुम्ही मात्र सरळ फवारा. पहिल्याच उतारावर मागे छान नारिंगी रेघ उमटत जाईल, शोधपथकाला सोपं. कृत्रिम गुडघ्यातही याच जातीचं प्लास्टिक बसवतात, तेव्हा ओळख आत्ताच करून घेतलेली बरी.

खर्चाचं म्हणाल, तर प्रायमर, रंग, वार्निश, टेप, मास्क, दिवाणखान्याच्या गालिच्याची धुलाई. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. एवढ्यात वापरलेली, पण आखूड आणि वळणारी जोडी फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, मिळाली असती, हा विचार मनात आला तर वार्निशचा आणखी एक हात मारा.

पहिल्या दिवशी नवशिक्याच्या नियमाप्रमाणे एक स्की दुसरीवर चढेल, पोलादी कड रंगातून चाकूसारखी फिरेल आणि खालून उरलीसुरली जांभळी वीज पुन्हा डोकावेल. शिवाय स्की वाकते, स्प्रेचा रंग वाकत नाही. तो तडकतो. पण फोटो त्याआधीच काढून झालेले असतात, त्यामुळे काही बिघडत नाही.

अर्धवट भरलेले स्प्रे कचऱ्यात टाकता येत नाहीत, तो विषारी कचरा. ते घेऊन वेर्टश्टोफहोफवर, म्हणजे महापालिकेच्या टाकाऊ वस्तू जमा करायच्या केंद्रावर, जावं लागतं. तिथे कुणीतरी चांगल्या आखूड स्की टाकून जात असेल. हात लावू नका, तिथून वस्तू उचलायला मनाई आहे. मात्र असा चांगला माल महापालिका पासिंगच्या 'हाले २' मध्ये स्वस्तात विकते. तिथे चक्कर मारा, लांबी नाकापर्यंत येते का बघा आणि घेऊन टाका. रंग पसंत पडणार नाहीच, म्हणून तो नारिंगी डबा एवढ्यात जमा करू नका.