बोट लागणं हा मनाचा खेळ नाही

बोट लागून मळमळणाऱ्याला "सगळं मनाचं असतं, विचार करू नकोस" असं सांगणाऱ्यांना एकदा मालवणात स्नॉर्केलिंगच्या होडीत बसवावं आणि इंजिन बंद करायला सांगावं. धावत्या होडीत एक वेळ निभावतं. थांबलेल्या होडीचे हेलकावे, त्यात डिझेलचा वास आणि पोटात सकाळीच हाणलेले कोंबडी-वडे! भलेभले गप्प होतात.

कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, डोळे समोरचं बाकडं बघून म्हणतात कुठे काय हलतंय, आणि या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. यात भित्रेपणा कुठून आला? इंग्रजांचा एवढा मोठा दर्यावर्दी सेनानी नेल्सन, त्यालाही बोट लागायची. डार्विन १८३१ ते १८३६ 'बीगल' जहाजावर होता आणि समुद्रात असला की बेजार असायचा.

मुंबईहून बोटीने मांडव्याला जाताना खालच्या एसी केबिनमध्ये बसून रील्स बघणाऱ्यांचं म्हणूनच मला नवल वाटतं. वरच्या डेकवर हेलकावे थोडे जास्त बसतात हे खरं, पण वारा लागतो आणि क्षितिज दिसतं. जमलं तर बोटीच्या मधोमध बसा, टोकाला नको. आपले तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, नवख्याला हेच सांगतात, "खाली बघू नको, थंय किनाऱ्याकडे बघ."

उपाशीपोटी जाणं हाही एक गैरसमज. दोन पोळ्या, बिस्किटं, असं काहीतरी कोरडं आणि हलकं खावं. आलेपाक, लिंबू, आवळासुपारी यांनी काहींना बरं वाटतं, खुशाल चघळा. पण ज्यांना हमखास लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून अव्होमिनसारखी गोळी घ्यावी, तीही निघण्याआधी तास-दोन तास. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बऱ्याचदा समुद्रालाच अर्पण होते. या गोळीने झोप येते, त्यामुळे परतताना गाडी दुसऱ्याने चालवावी. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी तेही सांगा.

माझा खरा राग टूरवाल्यांवर आहे. बुकिंग करताना फोटो-व्हिडिओचं पॅकेज तीनदा ऐकवतात, मग "बोट लागत असेल तर आधी गोळी घ्या" एवढं एक वाक्य सांगायला काय जातं?

आणि कुणाला लागलीच तर हसत व्हिडिओ काढत बसू नका. त्याला वारा पाठीवर येईल अशा बाजूला बसवा. नाहीतर प्रसाद सगळ्यांना मिळतो.