चौरस मीटर फरशीवर अंथरा

गणितात ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हटली की इंदूरच्या आमच्यासारख्या शाळांत चार्टपेपर निघतो. मापांचं रूपांतर शिकवायला त्यावर किलो-हेक्टो-डेकाचा जिना काढायचा. अक्षर चांगलं असलेली मुलगी लिहिते, बाकीचे स्केचपेनांची टोपणं शोधतात आणि संध्याकाळी फोटो पालकांच्या ग्रुपवर. यात कुणी काही मोजलं का?

सहावीची मुलं दशांश चिन्ह झरझर सरकवतात, पण दाराची उंची २१० मीटर आली तरी कुणाला खटकत नाही. म्हणून मी आधी अंदाज लिहून घेते, पेनाने, म्हणजे खोडाखोड नको. मग टेप. गटात एक धरतो, एक वाचतो, एक लिहितो आणि एकाने फक्त शंका काढायच्या. या शेवटच्या कामासाठी भांडणं होतात!

लांबीला, वजनाला फार वेळ घालवू नये. पाव किलो शेव म्हणजे २५० ग्रॅम, हे इंदूरच्या पोराला कोण शिकवणार? गाडी अडते ती क्षेत्रफळाशी. एका चौरस मीटरमध्ये चौरस सेंटिमीटर किती? निम्मा वर्ग हमखास “शंभर” म्हणतो, आणि आदल्या दिवशी नियम पाठ करून आलेलेही त्यात असतात. जुने पेपर चिकटवून मीटर बाय मीटरचा चौरस फरशीवर अंथरायचा आणि १० सेंटिमीटर बाजूचे पुठ्ठे मांडायला द्यायचे. पुठ्ठे बसतात शंभर. “झाले ना शंभर!” असा गलका होतो. तेवढ्यात शंकावाला विचारतो, एका पुठ्ठ्यात किती? तिथून दहा हजारापर्यंत मुलं आपली आपण पोचतात, मी गप्प बसते. तशाच पुठ्ठ्यांचा डबा केला की लिटरभर तांदूळ त्यात मावतात. घनफळाचा धडा अर्धा तिथेच झाला.

“पोर्शन कधी संपणार?” हा प्रश्न स्टाफरूममध्ये येतोच. दोन तास जातात, खरं आहे. पण पुढच्या वर्षी तेच पुन्हा शिकवण्यात किती जातात?

शिवाय हे रूपांतर आपल्या घरांनी प्रत्यक्ष केलेलं आहे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, तेव्हा ८० तोळ्यांचा शेर मोडून किलो शिकावा लागला. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज सराफ्यात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. आजीच्या पाच तोळ्यांचे ग्रॅम किती, यावर वर्ग तासभर वाद घालतो.

कुणाच्या माळ्यावर शेर-छटाकाची जुनी वजनं पडली असतील तर कळवा. पुढच्या महिन्यात वर्गात हवी आहेत. जपून वापरीन, परत करीन.