रजा टाका, ग्रुपात या, शहाणे व्हा

साठलेली अर्जित रजा टाकलीय आणि डोक्याला जरा खुराक पाहिजे असं वाटतंय? मग लगेच ऑनलाइन या. इथं वैचारिक माणसं पहाटेपासून मोकळीच असतात. घरच्यांशी काय बोलायचं? ते 'नळाला आलं का?' यापलीकडं जात नाहीत.

ग्रुप निवडताना नावात 'मंथन' किंवा 'चिंतन' आहे ना, बघून घ्या. ॲडमिननं सूर्योदय टाकला की अंगठा द्या.

रजेवर आहात हे सांगू नका. पोराच्या बदलीचं काम येतं.

संदर्भ मागू नका.

प्रश्न विचारायचाच असेल तर मात्र जपून. मी विचारला. मलिक अंबरानं १६१० मध्ये खडकी (म्हणजे औरंगाबाद की संभाजीनगर असा वाद चालतो ते आपलं शहर) वसवली आणि पुढं तिला डोंगराकडून जमिनीखालच्या नहरीनं पाणी आणलं. मोटार नाही, वीज नाही, नुसता उतार. मधे मधे उंच बंबे, म्हणजे पोकळ मनोरे. पाणी त्यात वर चढतं, कोंडलेली हवा सुटते, दाब उतरतो, पाणी पुढं जातं. आपण जायकवाडीचं पाणी पंप लावून वर चढवतो, म्हणून वाटलं विचारावं, की एवढ्या लांबीचा उतार त्या लोकांनी काढला कसा? पातळी बघायच्या पाणसळीनं?

पहिलं उत्तर आलं, 'आधी शहराचं नाव नीट लिहा.' अहो, मी खडकी लिहिलं होतं! वाद नको म्हणूनच लिहिलं होतं! दुसऱ्यानं विचारलं, 'आपलं आडनाव, सर?' तिसऱ्यानं हात जोडले. चौथ्याला अंबर कुठला ते आधी पाहिजे होतं. सांगितलं बाबा, हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढं निजामशाहीचा वजीर झाला. तर एकीकडून 'म्हणजे परकाच की', दुसरीकडून 'म्हणजे आमचाच की', आणि मग दोन्हीकडून फॉरवर्डचा जो पूर आला! त्यात पाण्याचा थेंब नाही. मधेच एका काकांनी गुडघेदुखीचं तेल टाकलं. खरं सांगतो, तेवढंच कामाचं निघालं. मी पुन्हा विचारलं, 'उताराचं कुणाला माहीत आहे का?' लगेच एकजण, 'काहून वाद लावायलेत सर?'

मी? मी वाद लावला?

मग ॲडमिननं ग्रुपला कुलूप घातलं. 'सौहार्दासाठी फक्त ॲडमिन बोलतील.' दुसऱ्या दिवशी सूर्योदय हजर.

व्हॉइस मेसेज आला तर ऐकू नका. त्यात त्यांच्या घरचा टीव्ही असतो.

जाऊ द्या, सल्ले पुरे झाले. अरे, लाज वाटते का काही? नहरीवर बांधकामं झाली, बंब्यांची पडझड झाली, तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. दिवसभर नावावरून भांडायचं आणि रात्री टँकरवाल्याच्या हातापाया पडायचं. त्याला विचारता का आडनाव? आणि तुमच्यात दोघं तर कालव्यांवर नोकरी करून निवृत्त झालेले इंजिनिअर आहेत, मला माहीत आहे! जन्मभर उतार काढलात आणि इथं नुसते हात जोडता? कुलूप काढा त्या ग्रुपचं आणि सांगा, पाणसळीनं होतं का ते? का आणखी कशानं?