पोथी मोठ्या टायपात चालते, मग कादंबरीनं काय घोडं मारलंय?

गेल्या रविवारी ताईकडे सिंहगड रोडला जेवायला गेलो, तर भाचीचा ई-रीडर, म्हणजे ई-बुकं वाचायचं यंत्र, गोदरेजच्या कपाटात गेलेला. कपाटात म्हणजे दागिने, फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट आणि विम्याचे कागद असतात त्या आतल्या लॉकरमध्ये. भाची नववीत आहे. तिच्या टेबलावर अप्पा बळवंत चौकातून आणलेला सात पुस्तकांचा गठ्ठा होता, दोरीसुद्धा न सोडलेला. ती आमटीत पोळी बुडवत गप्प बसली होती.

गुन्हा काय, तर ताईच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तोच मेसेज मला त्या आठवड्यात तीनदा आला होता: शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर, एका निवृत्त काकांकडून, आणि खुद्द ताईकडून, ‘हे वाच आणि मग बोल’ अशा पुस्तीसह. वाचलं. आता बोलतो.

‘पालकांनो, वेळीच जागे व्हा!’ असा मथळा. मग एकेक बॉम्ब. स्वीडननं ई-बुकवर बंदी घातली. स्क्रीनवर वाचलेलं मेंदूत उतरतच नाही, हे 54 संशोधनांनी सिद्ध झालंय. ई-रीडरच्या निळ्या प्रकाशानं डोळ्यांचा पडदा जळतो. पुस्तकाच्या वासानं स्मरणशक्ती वाढते. छापील पुस्तकावर सरकार कर लावत नाही आणि ई-बुकवर लावतं, ‘यातच सर्व काही आले’. ई-बुक विकत घेतलं तरी ते तुमचं नसतं. शेवटी जोडलेले हात, तीनदा.

स्वीडनचं आधी आटपून टाकू. बंदी वगैरे काही नाही. 2023 मध्ये तिथल्या सरकारनं बालवाड्यांत डिजिटल साधनं सक्तीची करण्याचं आधीचं धोरण मागे घेतलं आणि शाळांना छापील पाठ्यपुस्तकं घेता यावीत म्हणून त्या वर्षी 68.5 कोटी क्रोनर दिले. चौथीच्या मुलांच्या वाचनाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्यांचे गुण 2016 च्या 555 वरून 2021 मध्ये 544 वर आले होते, त्याची ती धास्ती होती. म्हणजे प्रश्न होता लहान मुलांचा, वर्गाचा आणि पाठ्यपुस्तकांचा. नववीतली मुलगी रात्री अंथरुणात कादंबरी कशावर वाचते, याच्याशी स्वीडनच्या सरकारला काही देणंघेणं नाही. तसा आपल्याकडे पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा अजून कागदाचाच असतो, त्यामुळे कागदाकडे ‘परत’ वळायला आपण तिथून गेलोय कुठे?

आता ती 54 संशोधनं. इथे जरा बसावं लागेल, कारण लॉकरला किल्ली लागली ती याच वाक्यानं.

हा आकडा हवेतला नाही, एवढं मेसेज लिहिणाऱ्याला द्यायला हवं. स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी 2018 साली एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. 2000 ते 2017 या काळातले 54 अभ्यास, मिळून एक लाख 71 हजारांवर वाचक. निबंधाचं नावच ‘तुमची छापील पुस्तकं टाकून देऊ नका’ अशा अर्थाचं आहे. त्यामुळे छापील पुस्तकाच्या भक्तांना तो तोंडपाठ असणार, निदान नावापुरता. निष्कर्षही कागदाच्या बाजूनं आहे: कागदावर वाचलेलं सरासरीनं जास्त समजतं.

पण पुढे वाचा ना! फरक आहे, तो लहान आहे. ‘मेंदूत उतरतच नाही’ हे मेसेजवाल्याचं काव्य. फरक ठळक होतो तो वेळेचं बंधन घालून वाचायला लावलं तेव्हा. तो दिसतो माहितीपर मजकुरात. आणि निव्वळ गोष्ट, कथा-कादंबरी वाचताना? तिथे कागद आणि स्क्रीन यांत फरक सापडलाच नाही. ज्या निबंधाच्या जोरावर भाचीची कादंबरी कपाटात गेली, त्याच निबंधात कादंबरीला मोकळीक आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री भूगोलाचा धडा मोबाईलवर वाचू नये, एवढं त्यातून निघतं. मीही तेच सांगेन.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही तरी सांगतो. मुलं स्क्रीनला सरावतील तसा हा फरक पुसट होईल, अशी माझी समजूत होती. त्या आढाव्यात वर्षं सरली तसा तो वाढलेला दिसतो. म्हणजे ‘आजकालची पोरं जन्मतःच डिजिटल’ हे वाक्यही त्या मेसेजइतकंच पोकळ. झालं, दिला अर्धा गुण.

पण सरासरी ही सरासरी असते, आणि त्या सरासरीत माझी भाची शोधून सापडायची नाही. तिला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे बुद्धी ठीक, पण वाचताना अक्षरं जुळवणं अवघड जातं. चौथीत निदान झालं, तोवर ‘लक्ष नाही’, ‘आळशी आहे’ हे सगळं ऐकून झालं होतं. छापील मराठी पान तिला कसं दिसतं, ते एकदा तिच्या शेजारी बसून बघावं. ओळ लांब, टाईप बारीक, ओळींत अंतर नाही. एका पुस्तकात ‘उद्ध्वस्त’ आला. आता हा शब्द आपण वाचतच नाही, त्याच्या आकारावरून ओळखतो. तिला तो सोडवावा लागतो. द, त्याच्या पोटात ध, त्याला लटकलेला व, पुढे अर्धा स. दहा पॉइंटच्या छपाईत ती शाईची एक गाठ असते. तिनं ‘उद्द…’ म्हणून बोट ठेवलं, दुसऱ्यांदा सुरू केलं, आणि तोवर वाक्याची सुरुवात विसरली. वरच्या ओळीवर गेली. परत येताना ओळ चुकली. मग ‘मला झोप आलीये’. संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

ई-रीडर आणल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर अक्षर इतकं मोठं केलं की एका ओळीत चारच शब्द मावावेत. पानावर जेमतेम चाळीस शब्द. मला हसू आलं, म्हटलं, हे काय पाटीवर वाचल्यासारखं! पण त्यात ‘उद्ध्वस्त’ हा एक घडलेला, सुटा शब्द होता. ती ‘द्ध्व’वर थांबली, ओठांनी चाचपला आणि पुढे गेली. ओळ चुकायला ओळच उरली नव्हती. अडीच महिन्यांत तिनं आयुष्यातली पहिली दोनशे पानी कादंबरी संपवली. रोज वीसेक वेळा पान उलटत असेल. चालतंय की.

हा काही आमच्याच घरातला चमत्कार नव्हे. 2013 मध्ये अमेरिकेत डिस्लेक्सिया असलेल्या 103 हायस्कूलच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला: मजकूर कागदावर आणि हातात मावणाऱ्या छोट्या पडद्यावर, थोडे थोडे शब्द घेऊन. सगळ्यांना नाही, पण त्यांतल्या काहींना पडद्यावर जास्त वेगानं वाचता आलं, काहींना जास्त समजलं. त्यात यंत्राची जादू नाही, आखूड ओळीची आहे.

यावर ताईनं तोच प्रश्न केला जो सगळे करतात: मग मोठ्या टायपातलं पुस्तक आणू की! आण ना. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात जा आणि मोठ्या टायपातली मराठी कादंबरी माग. मी मागून पाहिली आहे. दुकानदार हसून म्हणाला, ‘मोठ्या टायपात पोथी देतो.’ खरंच आहे ते. अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, पानं वाढली की किंमत वाढते, आणि हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढणारा प्रकाशक मूठभर वाचकांसाठी दुसरी मोठी आवृत्ती कशाला काढेल? पोथीचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं आणि त्याला चाळिशी लागलेली असते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता गंमत बघा. त्याच घरात, त्याच जेवणाच्या टेबलावर ताईच्या सासूबाई बसल्या होत्या. रोज सकाळी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचतात, मोठ्या टायपातल्या पोथीत. मी विचारलं, ‘काकू, बारीक टायपातली पोथी दिली तर?’ म्हणाल्या, ‘कशाला वाचतेय मी? तशीच पाठ म्हणेन जमेल तेवढी.’ त्यांच्या मोठ्या अक्षरानं अध्याय मेंदूत उतरतो की नाही, असं आजवर कोणी विचारलेलं नाही. सत्तरीतल्या बाईला जी सोय, ती चौदा वर्षांच्या मुलीला दिली की तिची बुद्धी भ्रष्ट होते!

हां, मराठी ई-बुकांची सगळी जत्रा काही सुखाची नाही, हे कबूल. फिरत असलेल्या निम्म्या फायली म्हणजे पुस्तकाची पानं स्कॅन केलेली. अक्षर मोठं करायला गेलात की सगळं पानच फुगतं, आणि मग प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवत बसा. काही ठिकाणी रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. किंडल या ई-रीडरवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली तीच 2016 च्या अखेरीस, त्यामुळे खूप चांगलं चांगलं अजून त्या रूपात नाहीच. हा आक्षेप मेसेजात असता तर मी निमूट मान डोलावली असती. पण तो शोधायला ई-बुक उघडून पाहावं लागतं ना.

डोळ्यांचा पडदा जळतो म्हणे. भाचीकडे आहे त्यातला पडदा ई-इंकचा आहे, मोबाईलसारखा आतून उजळणारा नाही. काळ्या-पांढऱ्या सूक्ष्म कणांनी अक्षर उमटतं आणि खोलीतल्या उजेडात कागदासारखंच दिसतं. कडेचा दिवा लावला तर त्याचा उजेडही पडद्यावर पडतो. आणि मोबाईलच्या निळ्या प्रकाशानंही डोळ्याला इजा होते याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची अकादमी सांगते. मुलांना चष्मे लागतायत ते खरं, पण तासन् तास जवळचं बघणं पुस्तकातही होतंच. तैवाननं त्यावर उपाय म्हणून 2010 पासून मुलांना रोज दोन तास उघड्यावर पाठवायला सुरुवात केली, पुस्तकं नाही काढून घेतली. झोपेचं मात्र खरं आहे. 2014 च्या एका प्रयोगात निजण्यापूर्वी चार तास झगझगीत टॅबलेटवर वाचणाऱ्यांना झोप लागायला दहाएक मिनिटं जास्त लागली. माणसं बाराच होती, पण मोबाईल उशाशी नको हे मलाही पटतं. ताईचा स्वतःचा उशाशीच असतो, तो विषय वेगळा.

पुस्तकाचा वास. अहो, जुन्या पुस्तकाला तो गोडसर वास येतो तो कागदातलं लिग्निन आणि सेल्युलोज विघटत असतं म्हणून. कागद मरत असतो, त्याचा वास तो. मलाही आवडतो. स्मरणशक्ती वाढत असती तर रद्दीवाले स्पर्धा परीक्षांत पहिले आले असते.

कराचा मुद्दा वाचून तर मी मेसेज दोनदा वाचला. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, बरोबर. ई-बुकवर आधी 18 टक्के होता, तो जुलै 2018 मध्ये, छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकांसाठी, 5 टक्क्यांवर आला. मला तोही अन्यायच वाटतो. पण ‘यातच सर्व काही आले’ म्हणजे काय, सरकारलाही कळतंय की ते घातक आहे? चहापत्तीवर 5 टक्के आहे, साखरेवर 5 टक्के आहे. पुण्यातली अमृततुल्यं काय मग गुत्ते झाली?

राहिलं ‘ई-बुक तुमचं नसतं’. हे बरंचसं खरं आहे, आणि मला ते बोचतं. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-बुकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तकं नाहीशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकं नाही. मैत्रिणीला वाचायला देणं, वाढदिवसाला पहिल्या पानावर नाव घालून देणं, रद्दीत विकणं, यातलं काही धड होत नाही. पण कागद तरी कुठे अमरपट्टा घेऊन आलाय? आमच्या आजोबांची नारायण पेठेतली दोन कपाटं पुस्तकं 12 जुलै 1961 ला पानशेतच्या पाण्यात गेली. चिखलातून काढून गच्चीवर वाळवलेली त्यातली तीन अजून आमच्याकडे आहेत, फुगलेली, मिटत नाहीत.

एवढं सगळं ताईला जेवता जेवता सांगितलं. ताक संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तू कायम तिचीच बाजू घेतोस’, आणि उठून किल्ली आणली. अट घातली: अभ्यास कागदावर, मोबाईल रात्री हॉलमध्ये. भाचीनं मान्य केलं. मीही केलं, मला कोणी विचारलं नव्हतं तरी.

जेवणं झाल्यावर भाचीनं गठ्ठ्याची दोरी सोडली. एकेक पुस्तक उघडून आतला टाईप बघायची आणि बाजूला ठेवायची. ‘मामा, यांची ई-बुकं मिळतात का बघ ना.’ बघितलं. सातांपैकी दोघांचीच होती. उरलेल्या पाचांतलं सगळ्यात जाड तिनं हातात धरून ठेवलं होतं, सोडवत नव्हतं. काकूंनी चष्म्याच्या डबीमागून पेपर वाचायचं आपलं भिंग काढलं आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवलं.